जुन्या ट्रॅक्टरचा क्लच सरकतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेडमध्ये येणारी बरीच मंडळी हातात नवीन क्लच प्लेटचा खोका घेऊनच उतरतात. "एवढी टाकून द्या, उद्या टोळी येणार आहे." त्यातले काही खोके न फोडताच परत जातात, कारण ट्रॅक्टरला नवीन प्लेट नको असते, लॉक नटाचे चार आटे पुरे असतात. तर काही वेळा मालकाला वाटत असतं त्यापेक्षा बरंच जास्त काम निघतं. शेडमध्ये आणि फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय.

हे सगळं कोरड्या क्लचबद्दल आहे. जुना महिंद्रा, एचएमटी, मॅसी, स्वराज, फोर्ड, आयशर असं काहीतरी दारात उभं असेल, तर तुमचा क्लच बहुतेक याच जातीचा असणार. ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या क्लचला यातलं बरंच लागू पडत नाही.

क्लच सरकतोय हे नेमकं ओळखायचं कसं?

इंजिनाचा आवाज आणि चाकाची चाल यांची फारकत झाली की क्लचकडे बघायचं. रेस दिली, इंजिन वर गेलं, आरपीएमचा काटा चढला, पण ट्रॅक्टर आहे त्याच चालीने रेंगाळतोय, म्हणजे मधे कुठेतरी ताकद सांडते आहे.

सुरुवात नेहमी रस्त्यावर कळते, शेतात नाही. टॉप गिअर, मागे भरलेली ट्रॉली आणि पुलाचा चढ. वरच्या गिअरमध्ये क्लचवर सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून थोडा दमलेला क्लच तिथे पहिल्यांदा हात टेकतो. तोच ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये दिवसभर कल्टिव्हेटर ओढतो आणि मालक म्हणतो, "शेतात तर काही नाही." शेतात त्रास दिसायला लागेपर्यंत प्लेटचं बरंच नुकसान झालेलं असतं.

दुसरी खूण वासाची. जळक्या लायनिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या पकडीच्या थराचा, वास उग्र असतो, घशाशी खवखवतो, आणि एकदा घेतला की विसरत नाही. त्यासोबत पायाखालच्या हाऊसिंगमधून निळसर धूर दिसला तर ट्रॅक्टर तिथेच थांबवा.

दोष क्लचचा नसून दुसराच असू शकतो का?

असू शकतो, आणि नको तो खर्च इथेच होतो.

लोड आल्यावर आरपीएम खाली येत असेल, इंजिन काळा धूर सोडून दबत असेल, तर क्लच बिचारा आपलं काम चोख करतोय. दमलंय ते इंजिन: एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, नोझल, पंप यांपैकी काहीतरी. सरकणाऱ्या क्लचमध्ये याच्या बरोबर उलट होतं, इंजिन मोकळं सुटतं.

मागची चाकं फिरताहेत पण ट्रॅक्टर पुढे जात नाही, हेही क्लच सरकणं नाही. ती चाकांची घसर. नांगरटीत थोडी घसर असतेच, मशागत केलेल्या रानात दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्के घसर नेहमीची समजतात. टायर गुळगुळीत झाले असतील किंवा मागे वजन कमी असेल तर ती वाढते. मागच्या टायरला खडूने एक खूण करा आणि कुणाला तरी शेजारून चालत बघायला सांगा. इंजिन ओरडतंय आणि चाक मंद फिरतंय तर क्लच. चाकही जोरात फिरतंय आणि माती मागे फेकतंय तर टायर.

तिसरी शक्यता अडकलेल्या ब्रेकची. सपाटीवर न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर ढकलून बघा, आणि थोडं चालवून आल्यावर दोन्ही बाजूंचे ब्रेक हाताने चाचपा. एक बाजू चटका देत असेल तर आधी तिथली दुरुस्ती करा.

जागेवर तपासायची काही युक्ती आहे?

आहे. मोकळ्या, सपाट जागेत ट्रॅक्टर उभा करा, पुढे-मागे कुणी नको. दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडून घट्ट दाबा, पार्किंग लॉक लावा. वरचा गिअर टाका, रेस साधारण १,००० ते १,२०० आरपीएमवर ठेवा आणि क्लच सावकाश सोडा.

क्लच चांगला असेल तर इंजिन एक आचका देऊन बंद पडेल. क्लच पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिलं, तर निदान झालं. लगेच पेडल दाबा आणि गिअर काढा. दोन-तीन सेकंदांच्या वर ताणू नका आणि पाहुण्यांना दाखवायला परत परत करू नका. प्रत्येक वेळी प्लेट थोडी जळते. ब्रेक कमजोर असतील तर ही चाचणी करूच नका, ट्रॅक्टर पुढे उडी मारेल.

पेडलचा फ्री प्ले म्हणजे काय आणि त्याचा सरकण्याशी काय संबंध?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

क्लच प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड फिरत्या चाकावर, दाबून धरते ती स्प्रिंगवाली प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग तिचे फिंगर, म्हणजे बोटांसारखे दांडे, दाबतं आणि पकड सुटते. पाय काढलेला असताना हे बेअरिंग फिंगरना टेकलेलं नसतं. मधे दोन-तीन मिलिमीटरची फट असते. पेडल दाबायला घेतलं की आधी ही फट भरून निघते, तोवर पेडल हलकं जातं, आणि मग जड लागायला लागतं. त्या हलक्या चालीला फ्री प्ले म्हणतात. बऱ्याच जुन्या मॉडेलांत तो पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिलिमीटर असतो. तुमच्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असेल, तोच धरा.

आता गंमत बघा. प्लेटची लायनिंग झिजली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने थोडी पुढे सरकते आणि फिंगरची आतली टोकं उलटी, बेअरिंगकडे येतात. म्हणजे प्लेट जशी झिजते तसा फ्री प्ले कमी होतो. बहुतेकांची समजूत नेमकी उलटी असते. झिजलं म्हणजे ढिलं होणार, असं आपलं सायकलच्या ब्रेकवरून शिकलेलं मन सांगतं. इथे झिजलं की पेडल ताठ होतं. फट संपली की बेअरिंग फिंगरना कायमचं टेकून राहतं. तुमचा पाय पेडलवर नसतानाही कुणीतरी हलकेच क्लच दाबून धरलाय अशी अवस्था होते. स्प्रिंगचा जोर पुरा पडत नाही, प्लेट सरकते, तापते, आणखी झिजते, फट आणखी कमी. चांगली प्लेट या चक्रात काही दिवसांत संपते.

मोजायचं कसं? इंजिन बंद. पायाने नाही, हाताने. बुटाच्या तळव्याला हा फरक कळत नाही, तळहाताला लगेच कळतो. पायफळीवर पट्टी उभी धरा, पेडलचं टोक कुठे आहे ते बघा, तळहाताने दाबत जा आणि जडपणा लागला की थांबा. मधलं अंतर म्हणजे फ्री प्ले. तो पाच-सात मिलिमीटरवर आला असेल तर ॲडजस्ट करायची वेळ कधीच टळून गेली आहे.

ॲडजस्टमेंट सहसा पेडलपासून हाऊसिंगकडे जाणाऱ्या रॉडवर असते. लॉक नट ढिला करायचा, रॉड फिरवून लांबी कमी-जास्त करायची, पुन्हा मोजायचं, लॉक नट आवळायचा. शेवटचं विसरू नका. लॉक नट ढिला राहिला की ट्रॅक्टरच्या हादऱ्याने चार दिवसांत सगळं होतं तिथे परत येतं, आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.

पेडल पूर्ण वर येत नाही, चालेल का?

नाही. आमच्याच घरची गोष्ट. पेडलची परत आणणारी स्प्रिंग तुटली होती. ऐन पेरणीचे दिवस, तालुक्याला कोण जाणार, म्हणून वडिलांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बांधली. पट्टी छान काम करत होती, निदान तसं दिसत होतं. उन्हाने रबर सैल पडलं, पेडल बोटभर खालीच राहायला लागलं, आणि आम्ही दिवाळीनंतर ट्रॅक्टर खोलला तेव्हा प्लेटची लायनिंग झिजून ती धरून ठेवणाऱ्या रिव्हेटपर्यंत पोचली होती. फिंगरच्या टोकांना बेअरिंगने आरशासारखी चकाकी आणली होती. तुटली होती ती एवढीशी स्प्रिंग.

स्प्रिंगखेरीज पेडलच्या आडव्या शाफ्टचं बुश गंजून अडकतं, पेडलखाली चिखलाचा गोळा वाळून बसतो, कुणी हौसेने घातलेली जाड मॅट आड येते. शाफ्टला ग्रीस निपल असेल तर त्याला महिन्यातून एकदा तरी पंप दाखवा.

फ्री प्ले नीट आहे, तरीही सरकतो. आता?

मग दोष आत आहे. शक्यता साधारण अशा: लायनिंग संपली, लायनिंगला ऑइल लागलं, स्प्रिंगा तापून मऊ झाल्या, किंवा प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग खराब झाला.

अंदाज बांधायला एक सोपी गोष्ट बघा. ॲडजस्टिंग रॉडचे आटे कुठवर आलेत? आटे संपत आले असतील तर दर हंगामाला कुणीतरी ॲडजस्ट करत आलंय, प्लेट झिजून शेवटाला आली आहे. आटे भरपूर शिल्लक आहेत आणि क्लच अचानक सरकायला लागला, तर मला आधी ऑइलचा संशय येतो.

काही ट्रॅक्टरांना हाऊसिंगच्या बाजूला किंवा खाली झाकण असतं. ते काढून बॅटरी मारली तर फिंगर आणि प्लेटची कड दिसते. कड ओली-काळी आहे की कोरडी, खाली लायनिंगचा भुगा साचलाय का, स्प्रिंगवर निळी झाक आहे का, एवढं तरी खोलण्याआधी कळतं. इंजिन बंद करून, चावी खिशात घालूनच हात आत घाला.

क्लच हाऊसिंगच्या खालच्या भोकातून ऑइल ठिबकतंय. गंभीर आहे का?

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आत आलेलं ऑइल किंवा पाणी प्लेटवर उडण्याऐवजी बाहेर पडावं म्हणून. त्यात बऱ्याचदा एक स्प्लिट पिन लोंबत असते, ती हलत राहिली की भोक चिखलाने बुजत नाही. म्हणजे ठिबकणं ही त्या भोकाने दिलेली सूचना आहे. काही जण त्यात चिंधी कोंबतात. जमिनीवरचा डाग जातो आणि ऑइल प्लेटवर साचतं.

ऑइल कुठलं ते ओळखा. खाली पांढरा पुठ्ठा ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी डाग काळा आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे इंजिनाच्या क्रँकचं मागचं, ऑइल अडवणारं सील गेलं. सोनेरी-तपकिरी, चिकट, दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टचं सील. जोडीला दोन्हीकडच्या डिपस्टिक बघा, कुठली पातळी उतरते आहे ते कळेल. क्लचसाठी ट्रॅक्टर खोललाच तर दोन्ही सीलं बदलून टाका. दोन सीलांच्या किमतीत वाचवायला जाऊन परत सगळं खोलायची वेळ आलेली मी पाहिली आहे.

मावळात, कोकणात, जिथे भाताची चिखलणी होते तिथल्या लोकांसाठी: काही मॉडेलांना हे भोक चिखलणीपुरतं बंद करायला बूच दिलेलं असतं. काम संपलं की ते काढायचं असतं. ते न काढल्यामुळे आत साठलेला पाण्याचा आणि ऑइलचा गिलावा मी लोट्याने उपसला आहे.

ऑइल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत टाकली तर?

धुतल्यावर स्वच्छ दिसते, दोन दिवस चालतेसुद्धा. पण लायनिंगने ऑइल आत शोषून घेतलेलं असतं. क्लच तापला की ते वर येतं. पेट्रोलमध्ये बुडवणं, स्टोव्हवर तापवणं, सँडपेपरने घासणं, हे सगळं करून झालंय लोकांचं. झाकणातून चुलीची राख मूठभर आत टाकणारा एक ड्रायव्हर मला माहीत आहे. त्या दिवसाची खेप त्याने कारखान्यावर पोचवली हे खरं. नंतर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलमध्ये तोलणारं) आणि फ्लायव्हीलचा चेहरा, सगळं त्या राखेने खाल्लं.

रोटाव्हेटर जोडला की पीटीओ (मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट) दबतो, पण ट्रॅक्टर चांगला ओढतो. असं कसं?

तुमचा डबल क्लच आहे. आत दोन प्लेटा असतात, एक चाकांसाठी, दुसरी पीटीओसाठी. बऱ्याच मॉडेलांत पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात आणि पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. काहींना पीटीओसाठी वेगळा दांडा असतो. दोन प्लेटा वेगवेगळ्या झिजतात, म्हणून एक बाजू सरकते आणि दुसरी ठणठणीत असते.

वर्षभर मळणी यंत्र आणि रोटाव्हेटर चालवणाऱ्याची पीटीओ प्लेट आधी जाते. ट्रॉलीवाल्याची चाकांची. डबल क्लचमध्ये पेडलच्या रॉडखेरीज आत फिंगरची आणि पीटीओची वेगळी ॲडजस्टमेंट असते, ती ठरावीक मापाने गेज लावून करायची असते. हे काम अंदाजाने करू देऊ नका. एक फिंगर जरी कमी-जास्त राहिला तरी प्लेट वाकडी दाबली जाते, आणि मग सरकणं आणि गिअर खरखरणं एकदमच सुरू होतं. पीटीओ शाफ्ट फिरत असताना मागे जाऊन काही बघायचा मोह आवरा, ५४० आरपीएमला धोतर, टॉवेल, ओढणी काही सुटत नाही.

प्लेट एकाच दिवसात जळू शकते?

दिवस कशाला, पंधरा मिनिटं पुरतात. उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना बघा कधी. पाणी दिलेलं रान, चाकं अर्धी रुतलेली, मागून सात-आठ जण "हां, हां, चल" ओरडताहेत. ड्रायव्हर फुल रेस देतो, क्लच अर्धा सोडतो, ट्रॅक्टर डुलतो, परत दाबतो, परत अर्धा सोडतो. दर वेळी इंजिनाची सगळी ताकद त्या दोन पृष्ठभागांमध्ये घासून उष्णता होते. लायनिंग काचेसारखी चकचकीत होते, मग तिची पकड जाते. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या चिरा पडतात. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तापून आपला जोर कायमचा गमावतात, नंतर गार झाल्या तरी तो परत येत नाही. म्हणूनच अशा जळीनंतर नुसती प्लेट बदलून भागत नाही.

अडकलेली ट्रॉली काढायची तर सर्वांत खालचा गिअर, रेस कमी, क्लच पूर्ण सोडा आणि मग रेस वाढवा. एकच चाक फिरत असेल तर दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक वापरा. एवढ्यावर निघत नसेल तर दुसरा ट्रॅक्टर जोडा किंवा चार मोळ्या उतरवा. उतरवलेल्या मोळ्या परत भरायला लागणारा वेळ क्लचच्या कामापुढे काहीच नाही, पण हे फडात उभ्या असलेल्या माणसाला पटवणं अवघड आहे. मला तरी जमलेलं नाही.

ड्रायव्हरचा पाय सतत क्लचवर असतो. त्याने खरंच फरक पडतो?

पडतो. बुटाच्या नुसत्या वजनाने फ्री प्ले संपतो आणि बेअरिंग फिंगरवर घासत राहतं. चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरणं त्याहून वाईट. आणि उतारावर क्लच दाबून ट्रॉली सोडणं हा तर जिवाशी खेळ आहे, इंजिनाचा अडसर जातो आणि भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते.

ड्रायव्हरला सांगून उपयोग होत नसेल तर त्याच्यासमोर एकदा जुनी प्लेट ठेवा. मी शेडच्या भिंतीला तीन टांगून ठेवल्या आहेत.

हंगाम संपेपर्यंत असाच चालवला तर?

फ्री प्ले नीट करून, हलक्या कामापुरता, खालच्या गिअरमध्ये, काही दिवस ढकलता येईल. ट्रॉली आणि नांगर नको. लायनिंग संपून रिव्हेट फ्लायव्हीलला लागले की त्यावर चर पडतात. मग जे काम प्लेट आणि बेअरिंगमध्ये भागलं असतं, त्यात फ्लायव्हीलचं लेथकाम किंवा नवीन फ्लायव्हील येतं. खरखर, धातूवर धातू घासल्याचा आवाज आला तर तो दिवस शेवटचा समजा.

घरी खोलता येईल का?

ॲडजस्टमेंट घरी करा, जरूर करा. पण प्लेट बदलायला बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांचे मधोमध दोन भाग करावे लागतात. पुढे इंजिन आणि पुढचा ॲक्सल, मागे गिअरबॉक्स आणि मागची चाकं. टनांतलं वजन आहे.

लोक चुकतात ते एकाच जागी. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलता असतो. ट्रॅक्टर जोडलेला असताना ते चांगलं, खड्ड्यातून जाताना चाकं वर-खाली होतात. पण मागचा भाग सुटला की अख्खं इंजिन त्या पिनवर एका बाजूला कलंडू शकतं. म्हणून नट-बोल्टला पाना लावण्याआधी ॲक्सल आणि त्याच्या वरच्या सपोर्टच्या मधे दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या. मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके. दोन्ही भागांखाली पक्के स्टँड, जमीन काँक्रीटची. विटांवर आणि नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवून खाली शिरणारा माणूस मला दिसला तर मी काम थांबवतो. पाचर कुठे ठोकायची हे ज्याला न विचारता माहीत नाही, त्याला तुमचा ट्रॅक्टर खोलू देऊ नका.

आतल्या भुग्याबद्दलही सांगतो. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरची हवा मारून हाऊसिंग साफ करायची आमच्या धंद्यात सवय आहे, ती वाईट आहे. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

खोललाच आहे, तर काय काय बदलायचं?

मजुरी एकदाच द्यायची आहे हे धरून ठरवा. क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग तर बदलायचंच. पायलट बेअरिंग स्वस्त असतं, तेही. दोन्ही सीलं. प्रेशर प्लेट तपासून: स्प्रिंगा निळ्या, पृष्ठभागावर चिरा किंवा चर, फिंगरची टोकं खाल्लेली, यांपैकी काही दिसलं तर पूर्ण असेंब्ली. फ्लायव्हीलवर बारीक डाग असतील तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या, खोल चिरा असतील तर बदला. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे त्याच्या लांब खाचांवर, प्लेट हाताने सहज सरकते का तेही बघा.

प्लेट घेताना जुनी सोबत न्या. व्यास, स्प्लाइनची संख्या आणि हबची उंची जुळवा. ११ इंची म्हणजे साधारण २८० मिमी आणि १२ इंची म्हणजे ३०५ मिमी, पण त्याच मापात वेगवेगळ्या स्प्लाइनच्या प्लेटा मिळतात आणि दुकानात घाईच्या वेळी अदलाबदल होते.

सिरॅमिक, म्हणजे बटन प्लेट टाकू का?

सतत जड ओढकाम असेल तर विचार करा. ती उष्णता जास्त सोसते. पण पकडते झटक्याने, अर्ध्या क्लचवर हळूच सरकवायची सोय कमी होते, आणि फ्लायव्हील, प्रेशर प्लेट जास्त घासली जाते. पेरणी, फवारणी, आंतरमशागत करणाऱ्याला माझा सल्ला साध्या प्लेटचाच.

नवीन प्लेट टाकली तरी सरकतोय. मिस्त्रीने फसवलं का?

फसवलं असेलच असं नाही, घाई केली असेल. मी पाहिलेली कारणं: जुनी मऊ पडलेली प्रेशर प्लेट तशीच ठेवली. सील बदललं नाही, नवीन प्लेट आठवड्यात ओली झाली. फ्लायव्हीलवर ग्रीसच्या हाताचे ठसे. प्लेट उलटी बसली. रिलीज बेअरिंगला आणि स्प्लाइनला प्रेमाने इतकं ग्रीस भरलं की ते उडून लायनिंगवर गेलं. स्प्लाइनला ग्रीसचा नुसता हात पुरतो.

आणि सर्वांत साधं कारण: फ्री प्ले परत मोजलाच नाही. नवीन प्लेट पहिल्या काही तासांत बसते, तिचा खडबडीतपणा जातो, आणि फ्री प्ले बदलतो. म्हणून पहिले २० तास हलकं काम आणि त्यानंतर एकदा मोजणी. हे बिलावर लिहून देतो मी. वाचतं कोण ते माहीत नाही.

क्लच सोडताना ट्रॅक्टर थरथरतो. हेही सरकणंच का?

नाही, पण भाऊबंद आहे. प्लेटला थोडं ऑइल, फिंगर एका पातळीत नसणं, फ्लायव्हीलवर जळके डाग किंवा इंजिनाचे माउंटिंग बोल्ट ढिले. बोल्ट आधी बघा, फुकट आहे.

पावसाळाभर उभा होता, आता पेडल दाबूनही गिअर पडत नाही.

हा उलटा आजार. दमटपणाने प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली आहे. पेडल पूर्ण दाबून ठेवून, वरच्या गिअरमध्ये, मोकळ्या मैदानात दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढलं तर बऱ्याचदा सुटते. हातोडीने काही ठोकू नका. पुढच्या वर्षी उभा करताना पेडल दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवा. काही ट्रॅक्टरांना त्यासाठी कडी असते, नसेल तर लाकडाचा ठोकळा पुरतो. आणि चावीला चिठ्ठी बांधा, नाहीतर कुणीतरी ठोकळ्यासकट चालवायला बघेल.

जुना ट्रॅक्टर विकत घ्यायचाय. क्लच कसा पारखू?

मालक येण्याआधी पोचा, इंजिन गार असताना. तळहाताने फ्री प्ले बघा. रॉडचे किती आटे शिल्लक आहेत ते बघा. हाऊसिंगखालच्या भोकात बोट घाला. ओलं लागलं तर एक गोष्ट कळली. भोक कोरडं आणि चकाचक धुतलेलं असेल, बाकी ट्रॅक्टरवर मात्र बोटभर धूळ असेल, तर त्याहून मोठी गोष्ट कळली. मग ट्रॉली जोडून चढाला टॉप गिअरमध्ये चालवून मागा. "ट्रॉली नाही हो आत्ता" असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी आपली घेऊन जा.